काचेतला समुद्र आणि त्यातले शेवाळ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत एक पुष्प आम्हीही गुंफावे, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही मनापासून संकोचलो. याच व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि तंजावरच्या मराठी राजवटीवर अधिकारी मंडळी बोलून गेली आहेत. आमचे शिक्षण बी. ए., तेही इतिहास घेऊन. आणि उभी नोकरी केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीत गेलेली. आम्ही बोलणार कशावर? तेव्हा कार्यवाह म्हणाले, "तुमच्या घरच्या त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर बोला." आम्ही विषय थोडा आखडून घेतला आहे. टाकीवर न बोलता आम्ही टाकीतल्या शेवाळावर व उपद्रवी जिवांवर बोलणार आहोत. कारण उघड आहे. आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा दोन वर्षे मासे पाहण्याआधी शेवाळच पाहत असे.

ही टाकी २०२१ साली आमच्या चिरंजीवांनी मांडली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच; दगडवाळू वजा जाता पाणी सुमारे दोनशे लिटर. पुढल्या वर्षी ते शिक्षणासाठी परदेशी गेले, आणि टाकी आमच्या गळ्यात पडली. चेन्नईत कोळत्तूरचा शोभेच्या माशांचा बाजार प्रसिद्धच आहे, त्यामुळे मासे मिळायला अडचण नाही. समुद्रही दाराशी आहे. पण शहराच्या किनाऱ्याचे पाणी टाकीत घालण्याचे धाडस आम्ही केले नाही. तयार समुद्री मीठ शुद्ध पाण्यात कालवून, विशिष्ट गुरुत्व १.०२५ येईल असे बेताने बनवतो.

येथे सरकारी नोकर या नात्याने एक गोष्ट सांगणे आम्हांस भाग आहे. अशा टाकीला इंग्रजीत रीफ टँक म्हणतात, म्हणजे प्रवाळभिंतीची टाकी. परदेशांत तीत जिवंत प्रवाळ वाढवतात. आपल्याकडे मात्र सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. ते बाळगता येत नाहीत, विकता येत नाहीत, किनाऱ्यावरून उचलून आणता येत नाहीत. म्हणून आमची प्रवाळभिंत सिमेंटची आहे. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि खडेमीठ एकत्र मळून गच्चीवर दगड पाडले. पाण्यात टाकल्यावर मीठ विरघळले आणि दगड सच्छिद्र झाले. सिमेंटचा क्षार जावा म्हणून दोन महिने पाणी बदलत ते भिजवले. मासे क्लाऊनफिश जातीचे, टाकीत पैदास केलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ही पैदास आपल्या देशात साध्य केली आहे. त्यांच्या जोडीला कोळंब्या, शंखातले खेकडे व गोगलगाई. खऱ्या प्रवाळाचे दर्शन हवे असेल त्यांनी मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते आहे, आणि १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्यही आहे. आमच्या मातोश्री त्याच भागातल्या. त्यांचा या कथेशी फार निकटचा संबंध आहे.

नव्या टाकीत पहिल्या दोन-तीन महिन्यांत तपकिरी धूळ बसते. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची. पाण्यातली सिलिका संपली की आपोआप ओसरते. तिच्यामागे लागू नये. खरा त्रास त्यानंतर येतो. हिरवे, केसांसारखे लांब शेवाळ दगडांवर असे माजते, की विहिरीच्या न वापरलेल्या पायऱ्या आठवाव्यात. आम्ही ते हाताने उपटले, आठ दिवसांत पुन्हा आले. दिव्याची वेळ बारा तासांवरून आठ तासांवर आणली, थोडा फरक पडला. मग पाण्याचा संशय आला. येथल्या उकाड्यात टाकीतले पाणी रोज दोन-तीन लिटर उडून जाते. मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याची घालावी लागते. आणि त्या पाण्यात जे काही विरघळलेले असेल, ते टाकीत वर्षभर साचत राहते. फिल्टर तपासायला येणाऱ्या मुलाकडे असते तसले टीडीएस मोजायचे यंत्र आणले. आमच्या फिल्टरचे पाणी ६० दाखवी. पडदा बदलल्यावर ते ८ वर आले. तरीही शेवाळ जागच्या जागी!

शेवटी आम्ही आपल्या धंद्यावर गेलो. एक वही घातली. डाव्या बाजूला टाकीत काय येते, उजव्या बाजूला टाकीतून काय जाते. जमेला एकच मोठी बाब निघाली, ती म्हणजे खाद्य. माशांच्या खाद्यात नत्र व स्फुरद असते. मासे ते खातात, उरलेले कुजते. त्याचा अमोनिया, अमोनियाचा नायट्राइट, नायट्राइटचा नायट्रेट, हे काम दगडांवरचे जंतू इमानाने करतात. नायट्रेटपाशी मात्र काम अडते. तो पाणी बदलून काढायचा, नाहीतर शेवाळाने खायचा. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलले, तर ५० वरचा नायट्रेट चार आठवड्यांनी ३३ च्या आसपास येतो, आणि तोही नवी जमा मुळीच नसेल तर. आमची नवी जमा किती होती? वहीत रोजची एक चिमूट लिहिलेली. पण खाद्याची डबी महिन्याला दोन लागत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत हीच तफावत शोधण्यात आम्ही केस पांढरे केले, आणि आपल्या घरात ती दीड वर्ष दिसली नाही.

तफावत आईंच्या खुर्चीपाशी होती. त्यांचे वय तेव्हा एक्याऐंशी. तमिळ येत नाही, शेजारी प्रेमळ पण भाषेचा अडसर. आम्ही कचेरीत, सौ. शाळेत शिकवायला. दिवसाचे आठ तास त्यांना सोबत होती ती त्या टाकीची. जपाची माळ घेऊन त्या समोर बसत, आणि मासे काचेशी येऊन तोंडे हलवीत. मग त्या उठून चिमूट घालीत. सकाळी, दुपारी, चहाच्या वेळी, आणि दिवेलागणीला पुन्हा. आम्ही समजावू लागलो, तेव्हा म्हणाल्या, "दारात आलेल्याला आपण मोजून वाढतो का रे?" त्या प्रश्नाला हिशेबतपासणीच्या कोणत्याही नियमावलीत उत्तर नाही. डबी कुलपात ठेवावी, असे एकदा मनात आले, सौ. नुसत्या आमच्याकडे पाहत राहिल्या, आणि तो विषय तेथेच मिटला.

असेच २०२३ चे डिसेंबर उजाडले. मिचाँग वादळाचा तो पाऊस आपणांपैकी बहुतेकांनी भोगला आहे. आमच्या वसाहतीत तळमजल्यात पाणी, आणि वीज दोन दिवस नाही. अशा टाकीला विजेविना पहिला धोका भुकेचा नसतो, तो प्राणवायूचा असतो. पाणी हलले नाही तर काही तासांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप बाजारात मिळतो; तो आमच्याकडे नव्हता. ज्यांच्याकडे टाकी आहे, त्यांनी आजच घ्यावा. आम्ही हताश होऊन मेणबत्ती धरून उभे होतो. आई आतून तांब्या घेऊन आल्या. पाणी भरून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायचे, पुन्हा भरायचे. त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या, सौ. आणि आम्ही असे आळीपाळीने दोन रात्री ओतीत होतो. दोन क्लाऊनफिश वाचले. बाकी बरेच काही गेले, आणि त्या मेलेल्या जिवांचे नत्र-स्फुरद पाण्यात उतरले.

आठवड्याभरात दगडांवर काळपट तांबडी, बुळबुळीत साय धरली. दिसते शेवाळासारखी, पण ती सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर जगणारे जंतू. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरला तो याच कुळाने, दोनशे कोटी वर्षांहूनही पूर्वी. घरी आल्यावर मात्र त्याचे उपकार आठवत नाहीत. ती साय नळीने शोषून काढावी, पाण्याचा प्रवाह वाढवावा, तीन दिवस टाकी पूर्ण झाकून अंधार करावा, बहुधा हटते. आमचीही हटली असती. पण त्याच वेळी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले आणि आम्ही घाबरलो.

आता आमच्या हातून घडलेला प्रमाद सांगतो. ठिपक्यांवर तांबेयुक्त औषध असते, ते आम्ही सरळ मोठ्या टाकीत ओतले. तांबे म्हणजे आपले मोरचूद. सुपारीच्या बागेत चुन्याबरोबर कालवून फवारतात तेच. माशांना ते बेतशीर प्रमाणात सोसते. कोळंबी, गोगलगाय, खेकडे यांना विष. वादळातून वाचलेल्या नऊ गोगलगाई आणि तिन्ही कोळंब्या दोन दिवसांत गेल्या. आईंनी एकेक बाहेर काढली. बोलल्या काहीच नाहीत. शिवाय तांबे चुनखडीच्या दगडात मुरते आणि पुढे झिरपत राहते, म्हणून ते सर्व दगड टाकून आम्हांला गच्चीवर पुन्हा सिमेंट मळावे लागले. औषध द्यायचे ते मासा वेगळ्या बादलीत ठेवून, ही साधी गोष्ट पुडक्यावरच छापलेली होती. घाईत आम्ही ती वाचली नाही. दोष सर्वस्वी आमचा.

गोगलगाई गेल्याचे मोल पुढे कळले. चरणारे नाहीत म्हटल्यावर नव्या दगडांवर शेवाळ पंधरा दिवसांत पसरले. जगातल्या मोठ्या समुद्रातही हेच घडले आहे. कॅरिबियन समुद्रात डायडेमा नावाचे, लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन प्रवाळावरचे शेवाळ चरत असत. १९८३-८४ मध्ये रोगाने ते जवळजवळ सगळे मेले. जमैकाच्या किनाऱ्यावर अतिमासेमारीने शेवाळ खाणारे मासे आधीच उरले नव्हते. १९८० चे वादळही नुकतेच होऊन गेले होते. सत्तरीच्या दशकात तेथे समुद्रतळाचा निम्मा भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता. १९९० नंतर तो पाच टक्क्यांच्याही खाली आला, आणि बाकीचे शेवाळाने घेतले. आमच्या टाकीत आम्ही आधी खाद्य कमी केले, मग गोगलगाई आणल्या. हा क्रम उलटा करू नये. खाद्य तेवढेच राहिले तर गोगलगाई थकतात, शेवाळ थकत नाही.

उपद्रवी जिवांबद्दल थोडक्यात. केसाळ समुद्री किडे रात्री दिसले तर घाबरू नये. बहुतेक उष्टे खाऊन जगतात. हातमोजे घालावेत, एवढेच. एप्टेशिया हे मात्र खरे संकट. ते काचेसारखे, तपकिरी, फुलासारखे दिसणारे छोटे ॲनिमोन आहे, सौ.ना प्रथम ते शोभेचे वाटले होते. ते डंख करते, आणि चिरडले तर प्रत्येक तुकड्याचे नवे रोप होते. आम्ही नखाने खरवडून एकाची अकरा केली. त्यावर उपाय चुन्याचा. शुद्ध चुना थोड्या पाण्यात दाट कालवायचा, पंप बंद करायचा, आणि इंजेक्शनच्या पिचकारीने ते ॲनिमोन आत आखडण्यापूर्वी त्याच्या मुखावर हलकेच सोडायचा. एका वेळी तीन-चारच, कारण चुन्याने पाण्याची अल्कता एकदम चढते. डोळ्यांवर चश्मा हवा. चुना पानाच्या डबीतला नको, त्यात काय मिसळलेले असेल सांगता येत नाही. पेपरमिंट कोळंबीही हे ॲनिमोन खाते, पण खाईलच अशी हमी नाही. आमच्या दोघींपैकी एकच खाते.

खाद्याचा प्रश्न कसा सुटला, ते सांगायचे राहिले. आम्ही सोडवला नाही. मोरचुदाच्या प्रकरणानंतर आईंनी एके दिवशी वही मागून घेतली, चश्मा लावून वाचली, आणि विचारले, "म्हणजे हे शेवाळ माझ्या हातचं?" आम्ही म्हणालो, निम्मे तुमच्या हातचे, निम्मे आमच्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या जुन्या करंड्याचे झाकण माप म्हणून घेतले. तेवढेच खाद्य, पण त्याचे चार भाग करून चार वेळा. मासे चारदा काचेशी येतात, त्या चारदा उठतात, आणि जमा एकाच चिमटीची. शिवाय दुपारी जुन्या टूथब्रशला गुंडाळून शेवाळ काढतात. ते बाहेर काढले की त्याने खाल्लेले नत्र-स्फुरदही बाहेर जाते, हे त्यांना आमच्यापेक्षा लवकर पटले.

आपल्यापैकी कित्येकांनी विचारले आहे, की गणपतीला पंधरा दिवस गावी गेल्यावर टाकीचे काय? सशक्त मासे चार-पाच दिवस उपाशी राहिले तरी बिघडत नाही; बिघडते ते दयाळू शेजाऱ्यांमुळे. आम्ही शेजारच्या मामींकडे किल्ली देतो, गोड्या पाण्याचे कॅन भरून ठेवतो, आणि पाण्याच्या पातळीची खूण काचेवर चिकटपट्टीने करतो. खाद्याच्या पुड्या आई स्वतः बांधतात, वैद्य बांधत तशा, एक दिवसाआड एक, वर तारीख घालून. तारखा इंग्रजी आकड्यांत घालायला त्या याच वर्षी शिकल्या, मामींना वाचता याव्यात म्हणून. डबी मात्र त्या आपल्याबरोबर मालवणला घेऊन जातात.