दाब आणि दिशा



परिषदेच्या स्वागताध्यक्षाने गावाचा, इथे पुण्याचा, इतिहास सांगायचा, अशी रीत आहे. मी पेशवाईत शिरत नाही. शं. पु. आघारकरांनी ज्या संस्थेची घडी बसवली, तिथे आज देशाचा राष्ट्रीय कवक संग्रह आहे, आणि प्रा. आजरेकरांच्या नावाचं कवकांचं हर्बेरियमही. आपल्या मंडळींना एवढा इतिहास पुरे.

यंदाचा विषय आहे कवकतंतूची वाढ, त्यातला स्फीतिदाब, म्हणजे आतल्या रसाचा दाब, आणि कॅल्शियमचे चॅनेल. तंतू वाढतो तो फक्त टोकाशी. बीडल आणि टेटम यांच्या १९४१च्या प्रयोगांमुळे गाजलेली न्यूरोस्पोरा क्रासा ही बुरशी काचेच्या नळीत दिवसाकाठी सात-आठ सेंटिमीटर पुढे सरकते. तिच्या तंतूच्या आत ४०० ते ५०० किलोपास्कल दाब असतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण दुप्पट!

हा दाब मोजतात कसा, ते सांगायचा मोह आवरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली, तेल भरलेल्या काचेच्या अतिबारीक नळीचं टोक तंतूत खुपसायचं. आतला रस उसळून नळीत चढतो आणि तेल मागे रेटतो. मग तेलावर हळूहळू दाब देत रस आणि तेल यांची सीमारेषा पुन्हा नळीच्या तोंडाशी आणायची. तिथे ती स्थिरावली, की बाहेरून दिलेला दाब तोच तंतूचा दाब. वाचायला चार ओळी. करणाऱ्याचे हात थरथरतात, नळी मोडते, तंतू मरतो.

आता कॅल्शियम. तंतूच्या द्रवात मुक्त कॅल्शियम अत्यल्प, बाहेर त्याच्या हजारो पट. वाढत्या टोकाशी मात्र आतही ते जास्त आढळतं. त्यावरून एक देखणी कल्पना निघाली: दाबाने टोकाचं पटल ताणलं जातं, ताणाने पटलातले चॅनेल उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि वाढीला दिशा मिळते. माशांच्या अंगावर कापसासारखी वाढणारी सॅप्रोलेग्निया या कल्पनेत चपखल बसली. ताणाने उघडणारे चॅनेल तिच्या टोकाशी दाटलेले सापडले.

न्यूरोस्पोराने मात्र दाद दिली नाही. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात हीथ, ल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, तर असे चॅनेल तिच्यात आहेत, पण टोकाशी गर्दी नाही. तिथलं कॅल्शियम बाहेरून येतच नाही, आतल्या पुटिकांमधून आयपी-३ या रेणूच्या इशाऱ्याने सुटतं. २००८ साली ल्यू यांच्या गटाने अशा चॅनेलचं मिड-१ हे जनुक नसलेला वाण तपासला. वाढ मंदावलेली, दाब कमी झालेला, पण टोकाचं कॅल्शियम जागच्या जागी! माझ्या मते या विषयातला हा सर्वांत मोलाचा निकाल, कारण त्याने एका देखण्या कल्पनेची हद्द आखून दिली. सॅप्रोलेग्निया मुळात खरं कवक नव्हेच; वंशाने ती तपकिरी शैवालांच्या जवळची. दिसायला सारखे तंतू, आतला कारभार वेगळा. त्यात भर म्हणजे मनी आणि हॅरल्ड यांनी १९९३ साली दाखवलं, की सॅप्रोलेग्निया आणि अॅक्लिया या दोन जलबुरश्या मोजता येण्याजोगा दाब नसतानाही वाढतात.

तरीही चॅनेल निकामी ठरले, असं कुणी समजू नये. २०१७ साली ताकेशिता आणि सहकाऱ्यांनी अॅस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत टोक थबकत-थबकत पुढे जाताना टिपलं. चॅनेलमधून आत शिरणारी कॅल्शियमची लाट, अॅक्टिनची जुळणी, पुटिकांचं रितं होणं आणि मग एक पाऊल, असा तो क्रम.

आपल्या कोकणातल्या भातखाचरांतही हाच दाब काम करतो, आणि तिथे तो पिकाच्या मुळावर येतो. करप्याची बुरशी पानावर एक घुमटाकार पेशी बांधते, तिला आतून मेलॅनिनचा लेप देते आणि ग्लिसरॉल साठवून दाब ८ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ८० पटींपर्यंत नेते. त्या जोरावर ती पानात घुसते. शेतकरी फवारतात ते ट्रायसायक्लाझोल मेलॅनिन होऊ देत नाही, त्यामुळे पुरेसा दाबच चढत नाही. बांधावर पंप पाठीला लावणाऱ्याला स्फीतिदाब हा शब्द माहीत नसेल, पण तो लढतो त्याच्याशीच. इथल्या चर्चेत त्याची आठवण कुणीतरी काढावी, अशी विनंती.

व्यवस्थेत उणंदुणं राहिलं तर ते स्वागत समितीच्या पदरात घाला. चहाच्या मेजाशेजारी सूक्ष्मदर्शक मांडले आहेत. वाढत्या तंतूंवर पाणी सोडलं, की टोकं थांबतात, फुगतात, काही फुटतातही. चहा घेता घेता रांगेने पाहा. अध्यक्ष महोदय, पुढची सूत्रं आपल्या हाती देतो.