निःपक्षपाताचा दावा आणि हितसंबंधांची कबुली

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित पाठ)



जानेवारी २०२३ मधील एक योगायोग आपल्यापुढे ठेवतो आणि विषयाला आरंभ करतो. त्या महिन्याच्या १७ तारखेला बीबीसीने पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्यावरील माहितीपटाचा पहिला भाग प्रसारित केला. त्यात २००२च्या गुजरात दंगलींचा विषय होता. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने तो अपप्रचार ठरवून फेटाळला. विशेष तपास पथकाचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्येच मान्य केला होता, त्यामुळे देशात अनेकांना संताप येणे स्वाभाविक होते. त्याच आठवड्याच्या अखेरीस लंडनच्या एका वृत्तपत्राने बीबीसीचे अध्यक्ष रिचर्ड शार्प यांच्याविषयीचे वृत्त छापले. बोरिस जॉन्सन पंतप्रधान असताना त्यांना ८ लाख पौंडांपर्यंतच्या कर्जासाठी हमीदार मिळावा या प्रयत्नांत शार्प यांचा हात होता, आणि त्याच सुमारास जॉन्सन यांच्या सरकारने त्यांची बीबीसीच्या अध्यक्षपदी निवड केली होती.

चौकशी झाली. एप्रिल २०२३ मध्ये अहवाल आला आणि शार्प यांनी राजीनामा दिला. त्यांनी पैसे खाल्ले असे अहवालाने म्हटले नाही. अध्यक्षपदासाठी अर्ज करण्यापूर्वी आपण पंतप्रधानांशी बोललो होतो, आणि कर्जाच्या प्रकरणात मदत करू इच्छिणाऱ्या गृहस्थांची गाठ शासनाच्या सचिवांशी घालून देण्याचा आपला विचार होता, या दोन गोष्टी त्यांनी निवड समितीला सांगितल्या नव्हत्या. दोष एवढाच, आणि तो पुरेसा होता. आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे. हितसंबंध असणे हा अपराध नव्हे. तो झाकणे हा अपराध आहे.

ब्रिटनची व्यवस्था या बाबतीत दुहेरी आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. तेथील वृत्तपत्रे निःपक्षपाती नाहीत आणि तसा दावाही करत नाहीत. कोणते दैनिक कोणत्या पक्षाकडे झुकते, हे सामान्य वाचकाला ठाऊक असते. बोरिस जॉन्सन खासदार असताना ‘स्पेक्टेटर’ या साप्ताहिकाचे संपादक होते. माजी अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी २०१७ मध्ये खासदारकी न सोडताच लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’चे संपादकपद स्वीकारले. त्यावर टीका झाली, परंतु त्यांचा पक्ष जगजाहीर होता. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीची गोष्ट निराळी. तेथे निःपक्षपात हे कायद्याने व नियमांनी घातलेले बंधन आहे, आणि बीबीसी तर घरोघरी आकारल्या जाणाऱ्या परवाना शुल्कावर चालते. जो सर्वांच्या पैशाने बोलतो, त्याला एकाची बाजू घेण्याचा अधिकार उरत नाही.

या दाव्याची परीक्षा महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच घेतली आहे. लंडनच्या ‘टाइम्स’चे परराष्ट्र विभागप्रमुख व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये भारतातील अशांततेवर लेखमाला लिहिली आणि नंतर तिचे पुस्तक केले. त्यात लोकमान्य टिळकांवर गंभीर आरोप होते. मंडालेहून सुटून आल्यावर लोकमान्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि त्यासाठी साठी ओलांडलेल्या वयात ते विलायतेला गेले. १९१९च्या आरंभी खटला चालला. न्यायासनावर होते न्यायमूर्ती डार्लिंग, जे न्यायाधीश होण्यापूर्वी हुजूर पक्षाचे खासदार होते. चिरोल यांचे वकील एडवर्ड कार्सन स्वतः खासदार होते आणि वर्षभरापूर्वीपर्यंत ब्रिटिश मंत्रिमंडळात होते. चिरोल यांनाही दरम्यान सरकारने भारतातील सार्वजनिक सेवांविषयीच्या शाही आयोगावर नेमले होते. त्यांच्या बचावासाठी लागणारी कागदपत्रे मुंबई सरकारने पुरवली. ज्यूरीचा निकाल लोकमान्यांच्या विरुद्ध गेला आणि खर्चाचा मोठा बोजा त्यांच्यावर पडला.

यात बेकायदेशीर असे काहीही नव्हते. प्रत्येक जण आपल्या जागी नियमानुसार बसला होता. परंतु पत्रकार, वकील, न्यायाधीश आणि शासन या चौघांचे धागे एकाच गाठीत बांधलेले होते, आणि ‘तुमचा या पक्षाशी संबंध काय?’ हे विचारण्याची सोय वादीला नव्हती. निःपक्षपात केवळ व्यक्तीच्या सज्जनपणावर सोपवला की असे होते.

ही उणीव ब्रिटिशांना स्वतःच्या घरात भोवली, तेव्हा त्यांनी नियम केले. १९९४ मध्ये काही खासदार पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारतात असे ‘गार्डियन’ने उघड केले. पंतप्रधान जॉन मेजर यांनी न्यायमूर्ती नोलन यांची समिती नेमली. सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे तिने १९९५ मध्ये मांडली: निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, पारदर्शकता, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. खासदारांच्या आचरणावर देखरेख ठेवणारे स्वतंत्र आयुक्तपदही निर्माण झाले.

नियम झाले, पण ते आपल्या माणसाला लावायची वेळ आली की मन कचरते. २०२१ मध्ये हुजूर पक्षाचे खासदार ओवेन पॅटरसन दोन कंपन्यांकडून वर्षाला लाखाहून अधिक पौंड घेत होते आणि त्यांच्यासाठी सरकारी खात्यांकडे रदबदली करत होते, असे आयुक्तांनी सिद्ध केले. संसदीय समितीने तीस दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली. तेव्हा जॉन्सन सरकारने आपल्या खासदाराला सावरण्यासाठी नियमच बदलण्याचा घाट घातला, आणि सभागृहात तो २५० विरुद्ध २३२ मतांनी संमतही करून घेतला. देशभर इतका क्षोभ उसळला की दुसऱ्याच दिवशी सरकारला माघार घ्यावी लागली. पॅटरसन यांनी खासदारकी सोडली, आणि जेथे त्यांचे जवळजवळ तेवीस हजारांचे मताधिक्य होते, ती जागा डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत पक्षाने गमावली. कुंपणानेच शेत खाल्ले, पण शेताचा धनी जागा होता!

हा एका पक्षाचा दोष आहे असे कोणी मानू नये. स्वच्छ कारभाराची ग्वाही देऊन २०२४ मध्ये सत्तेवर आलेले मजूर पक्षाचे केअर स्टार्मर यांनी एका धनाढ्य उमरावाकडून कपडे आणि चष्मे स्वीकारल्याचे उघड झाले, आणि काही भेटींचे सहा हजारांहून अधिक पौंड त्यांना स्वतःच्या खिशातून परत करावे लागले.

बीबीसीचेही तसेच. मार्च २०२३ मध्ये फुटबॉलच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक गॅरी लिनेकर यांनी शासनाच्या आश्रितविषयक धोरणावर खासगी खात्यावरून टीका केली, म्हणून त्यांना पडद्यावरून दूर करण्यात आले. त्याच वेळी ज्यांची चौकशी सुरू होती ते अध्यक्ष शार्प मात्र खुर्चीवर होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा! सहकाऱ्यांनी बहिष्कार घातला आणि त्या शनिवारचा कार्यक्रम समालोचनाविना दाखवावा लागला. पुढे एका कार्यक्रमात ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१च्या भाषणातील पन्नासहून अधिक मिनिटांच्या अंतराने उच्चारलेली वाक्ये सलग जोडून दाखवल्याचे उजेडात आले. संस्थेच्याच एका माजी सल्लागाराचे टिपण फुटले, तेव्हा ९ नोव्हेंबर २०२५ रोजी महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस या दोघांनी राजीनामे दिले. तेव्हाचे अध्यक्ष समीर शहा यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. हे गृहस्थ मूळचे आपल्या छत्रपती संभाजीनगरचे, तेव्हाच्या औरंगाबादेत जन्मलेले.

बंधू-भगिनींनो, या कथा ऐकून आपल्याला सुख वाटण्याचा संभव आहे. जे आपल्याला उपदेश करत होते तेच कोरडे पाषाण निघाले, असे म्हणून टाळी देऊन उठणे सोपे आहे. परंतु तसे उठलो तर आपण अर्धेच शिकलो. अध्यक्ष गेला, महासंचालक गेला, खासदार गेला. आणि बहुतेक वेळा त्यांचे दोष बाहेर काढणारे त्यांच्याच देशातले होते, कित्येकदा त्यांच्याच संस्थेतले. तो देश ढोंगी आहे असे म्हणणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे की तेथे ढोंगाला किंमत मोजावी लागते.

आता स्वतःकडे पाहू. आपण ज्या नियतकालिकांतून लिहितो-वाचतो ती तटस्थ नाहीत, विचारनिष्ठ आहेत, आणि ती तसे उघडपणे सांगतात. यात लज्जास्पद काही नाही. परंतु विचारनिष्ठा हे हितसंबंध झाकण्याचे पांघरूण होता कामा नये. आपल्यापैकी कोणी शाळेच्या नियामक मंडळावर आहे, कोणी पतपेढीचा संचालक आहे, कोणी रुग्णालयाचा विश्वस्त आहे, कोणी नगरसेवक आहे. बांधकामाचे काम मेहुण्याच्या निविदेला मिळत असेल, नोकरीच्या मुलाखतीला पुतणी आली असेल, तर बैठकीच्या आरंभीच उभे राहून सांगावे, ‘हा माझा संबंध आहे, मी या विषयापुरता बाहेर बसतो,’ आणि त्याची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. आपला कार्यकर्ता निःस्वार्थ आहे, त्याला नियमाची काय गरज, असा युक्तिवाद कोणी करील. शार्प यांच्या मित्रांनाही ते सज्जनच वाटत असावेत.

विरोधकाला जे माप लावतो तेच आपल्या माणसाला लावण्याचे धैर्य ज्या संघटनेत आहे, तिला निःपक्षपाताचा दावा करावा लागत नाही. समाज तो स्वतःच मान्य करतो. हे धैर्य आपल्या प्रत्येक बैठकीत, प्रत्येक हिशेबवहीत दिसावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.