औंध ते गंगटोक : एका सल्लागाराची वाटचाल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ठाणे-बेलापूर रस्त्याने रात्री नऊच्या सुमारास ऐरोलीवरून गेलात, तर माइंडस्पेसच्या इमारतींमधले दिवे लखलखताना दिसतात. आपण जेवून आवराआवर करत असतो, तेव्हा तिथल्या अनेकांचा कामाचा दिवस सुरू होत असतो. त्यांचे ग्राहक साता समुद्रांपलीकडे असतात आणि तिकडे तेव्हा सकाळ झालेली असते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याची घोषणा केली. बातमी वॉशिंग्टनची होती, पण तिची झळ ऐरोलीतल्या घरांपर्यंत पोचणारी होती. परराष्ट्र धोरण हा केवळ दिल्लीतल्या बड्या मंडळींचा विषय आहे, असे म्हणण्याचे दिवस केव्हाच गेले.

निर्णय मंत्री घेतात, हे आपण जाणतो. परंतु अमुक देशात काय शिजते आहे, तिथल्या माणसांच्या मनात काय आहे, आपण हे पाऊल उचलले तर काय होईल, हे मंत्र्यांना कोण सांगतो? ते सांगणारी माणसे बहुधा पडद्याआड राहतात. त्यांची नावे शाळेच्या पुस्तकात येत नाहीत. आज अशाच एका मराठी माणसाची ओळख आपण करून घेणार आहोत. त्यांचे नाव अप्पासाहेब पंत.

अप्पासाहेबांचा जन्म १९१२ चा. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे त्यांचे वडील. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून आपल्याला भवानराव ठाऊक आहेत. चित्रकलेचे जाणकार आणि औंधच्या संग्रहालयाचे कर्ते म्हणूनही त्यांचे नाव आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा देणारे राजेही हेच. अप्पासाहेब विलायतेला गेले, ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले. राजपुत्राने परत यावे आणि ऐषआरामात राहावे, अशी तेव्हाची रीत होती. इथे मात्र घडले वेगळेच.

जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्यासाठी जी राज्यघटना तयार झाली, तिला महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याचा त्या कामात मोठा वाटा होता. औंध म्हणजे सलग प्रदेशही नव्हता. सातारा, सांगली, सोलापूर, विजापूर या भागांत विखुरलेली सुमारे ७२ गावे, एवढाच त्याचा पसारा. पण तिथे गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा उभी राहायची आणि तिच्यातून संस्थानची विधानसभा, अशी तळापासून वर जाणारी रचना झाली. अप्पासाहेब या नव्या राज्यकारभारात प्रधान म्हणून काम करू लागले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे सव्वीस वर्षांचे.

आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच औंध संस्थानातली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आंखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागची प्रेरणा तीच. १९४२ च्या धामधुमीत साताऱ्याच्या प्रतिसरकारचे भूमिगत कार्यकर्ते ब्रिटिश हद्दीतून निसटून औंधच्या हद्दीत आश्रयाला येत, कारण कुंडलसारखी गावे औंधमध्ये होती. गावकऱ्यांमध्ये मांडी घालून बसणे, त्यांचे भांडण पुरते ऐकून घेणे, आपला अधिकार बाजूला ठेवून समोरच्याचे म्हणणे समजून घेणे, हे शिक्षण अप्पासाहेबांना इथे मिळाले. पुढे मुत्सद्दी म्हणून त्यांनी जे काही केले, त्याची मुळे मला ऑक्सफर्डपेक्षा औंधमध्ये अधिक दिसतात.

१९४८ च्या मार्चमध्ये औंध संस्थान विलीन झाले. त्याच वर्षी पंतप्रधान नेहरूंनी अप्पासाहेबांना नैरोबीला पाठवले. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतले भारताचे ते पहिले आयुक्त. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार एवढा मुलूख त्यांच्याकडे होता. तिथे भारतीयांची वस्ती मोठी होती. रेल्वे बांधायला गेलेले, दुकाने थाटलेले, वकिली करणारे असे सगळ्या थरांतले लोक होते. वर गोरे, मध्ये भारतीय आणि तळाला आफ्रिकी, अशी तिथल्या समाजाची उतरंड होती. आपल्या सरकारने आपल्यासाठी चार सवलती मिळवाव्यात, असे तिथल्या कित्येक भारतीयांना वाटणे स्वाभाविक होते. नेहरूंचे धोरण मात्र वेगळे होते. हा देश आफ्रिकी लोकांचा आहे, त्यांचे हित आधी, भारतीयांनी त्यांच्या बरोबरीने उभे राहावे, असे त्यांचे सांगणे होते.

आपल्याच माणसांना हे पटवणे सोपे नसते. अप्पासाहेबांनी ते काम अंगावर घेतले. आफ्रिकी पुढाऱ्यांना त्यांचे घर खुले होते. जोमो केन्याटा, पीटर कोइनांगे यांच्याशी त्यांची मैत्री जमली. आफ्रिकी विद्यार्थ्यांनी भारतात येऊन शिकावे म्हणून भारत सरकारच्या शिष्यवृत्त्या होत्या, त्यांचा लाभ योग्य मुलांना मिळावा यासाठी ते झटले. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये माऊ माऊ उठावामुळे केनियात आणीबाणी जाहीर झाली आणि केन्याटांना पकडले गेले. कापेनगुरियाला चाललेल्या खटल्यात त्यांच्या बचावासाठी इंग्लंडचे डी. एन. प्रिट यांच्याबरोबर भारतातून दिवाण चमनलाल गेले होते. नैरोबीतले भारतीय वंशाचे वकीलही त्यांच्या जोडीला उभे होते.

ब्रिटिश वसाहत सरकारला हे सारे रुचणारे नव्हतेच. परक्या देशाचा प्रतिनिधी आमच्या कारभारात ढवळाढवळ करतो, अशी त्यांची तक्रार होती. राजनैतिक शिष्टाचाराच्या चौकटीत पाहिले, तर ती अगदीच बिनबुडाची म्हणता येत नाही. यजमान सरकारच्या विरोधकांशी किती सलगी करावी, हा प्रत्येक राजदूतापुढचा अवघड प्रश्न असतो. ब्रिटिशांचा दबाव वाढत गेला आणि १९५४ मध्ये अप्पासाहेब नैरोबीहून निघाले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. एका सरकारला जो माणूस डोईजड झाला, त्याचा दुसऱ्या सरकारने गौरव केला. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि ज्यांच्याशी मैत्री ठेवली म्हणून ओरड झाली, तेच केन्याटा त्या देशाचे नेते झाले. आज केनियाशी भारताचे जे संबंध आहेत, त्यांच्या पायात त्या सहा वर्षांचे दगड आहेत.

१९५५ मध्ये अप्पासाहेब गंगटोकला गेले. पद होते 'पोलिटिकल ऑफिसर'. नाव इंग्रजी अमदानीतले, कामही तिथूनच आलेले. सिक्कीम आणि भूतान यांच्याशी संबंध सांभाळायचे आणि तिबेटवर लक्ष ठेवायचे. ल्हासातले आपले वाणिज्यदूत आणि यातुंग, ग्यान्त्से इथल्या व्यापारी कचेऱ्या यांचा कारभार गंगटोकमार्फत चाले.

इथे थोडे मागे जायला हवे. चिनी फौजा १९५० मध्ये तिबेटात शिरल्या होत्या. २९ एप्रिल १९५४ रोजी भारताने चीनशी करार केला. पंचशील तत्त्वे जगापुढे आली ती याच करारातून. तिबेटमध्ये इंग्रजांकडून वारशाने आलेले विशेष हक्क आपण या कराराने सोडले. त्या धोरणावर तेव्हाच टीका झाली होती. ऐरोलीच्या सेक्टर १५ मध्ये ज्यांचे स्मारक उभे आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत पंचशीलाचा समाचार घेतला होता. ल्हासावर चीनला ताबा घेऊ दिल्याने चीनची सीमा आपल्या दाराशी येऊन ठेपली, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्याआधी १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे दिली, त्यांतही परराष्ट्र धोरण होते. साडेतीनशे कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, कारण आपल्याला मित्र उरलेले नाहीत, असा त्यांचा हिशेब होता.

बाबासाहेबांना पटले नाही, तेव्हा ते बाहेर पडले आणि उघडपणे बोलले. तो राजकीय नेत्याचा मार्ग. सरकारी सल्लागाराला हा मार्ग मोकळा नसतो. त्याने जे पाहिले ते कागदावर लिहून वर पाठवायचे, पुन्हा पाहायचे, पुन्हा लिहायचे. अप्पासाहेब हे काम सहा वर्षे करत होते. तिबेटमध्ये चिनी लष्कराचा वाढता वावर, तिथल्या लोकांची अस्वस्थता, मठांची होणारी कोंडी यांच्या नोंदी गंगटोकहून दिल्लीला जात होत्या. १९५६ च्या अखेरीस बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त दलाई लामा आणि पंचेन लामा भारतात आले, तेव्हा सीमेवरच्या त्या भागात त्यांच्या स्वागताची जबाबदारी अप्पासाहेबांवर होती. गंगटोकच्या नामग्याल तिबेटविद्या संस्थेच्या उभारणीतही त्यांनी रस घेतला. १९५७ मध्ये दलाई लामांनी तिची पायाभरणी केली आणि १९५८ मध्ये नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. एका संस्कृतीवर संकट आले आहे, तिचे ग्रंथ आणि विद्या तरी टिकावी, हा त्यामागचा विचार होता. आज जगभरचे अभ्यासक तिथे येतात.

१९५८ च्या सप्टेंबरमधला एक प्रवास सांगण्याजोगा आहे. नेहरूंना भूतानला जायचे होते आणि भूतानमध्ये मोटारीचा रस्ताच नव्हता. मग गंगटोकहून चौदा हजार फुटांहून उंच नथू ला खिंड ओलांडायची, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून यातुंगला जायचे आणि तिथून पारोला उतरायचे, असा मार्ग ठरला. सत्तरीकडे झुकलेले पंतप्रधान घोड्यावरून आणि पायी निघाले. बरोबर इंदिरा गांधी होत्या आणि अप्पासाहेब होते. भूतानने आपल्या इच्छेप्रमाणे स्वतंत्र राहावे, हेच भारताला हवे आहे, असे नेहरूंनी पारोला स्पष्ट केले. त्यानंतर काही वर्षांतच भारताच्या मदतीने भूतानमध्ये रस्ते झाले, १९६१ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या आणि १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. सल्लागाराचे यश मोजायचे, तर ते अशा शांतपणे टिकलेल्या मैत्रीवरून मोजावे.

तिबेटबाबत मात्र यश आले नाही. १० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला, ३१ मार्चला दलाई लामा भारताच्या हद्दीत आले. पुढे १९६२ च्या ऑक्टोबरात काय झाले, ते आपण सारे जाणतो. अप्पासाहेब तेव्हा जकार्त्याला राजदूत होते. तिथेही परीक्षाच होती. त्या वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धांत इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. भारताचे क्रीडाधुरीण जी. डी. सोंधी यांनी त्याला हरकत घेताच भारताविरुद्ध संताप उसळला आणि जमावाने आपल्या वकिलातीवर हल्ला केला. ४ सप्टेंबरला फुटबॉलचा अंतिम सामना अशाच वातावरणात झाला. चुनी गोस्वामींच्या संघाने तो जिंकून सुवर्णपदक आणले. मित्र मानलेला देश बारा वर्षांत किती बदलू शकतो, हे तिथे दिसले. १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताकदिनाचे आपले पाहुणे इंडोनेशियाचे सुकार्णोच होते!

पुढे नॉर्वे, मग इजिप्त. १९६७ चे अरब-इस्रायल युद्ध झाले, तेव्हा ते कैरोत होते. १९६९ ते १९७२ या काळात ते लंडनला उच्चायुक्त होते, म्हणजे बांगलादेश मुक्तीचा सगळा काळ. शेख मुजीबुर रहमान पाकिस्तानच्या कैदेतून सुटून ८ जानेवारी १९७२ रोजी आधी लंडनलाच उतरले होते. शेवटी रोम आणि १९७५ मध्ये निवृत्ती. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. वडिलांवर आणि औंधच्या प्रयोगावर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९८९ चे. त्यांच्या लेखनात अध्यात्माकडे ओढा आहे. रोखठोक राजकारण शोधणाऱ्याला तो कधी कधी जड वाटेल. पण माणूस समजून घेण्याची त्यांची ताकदही त्याच ओढीतून आली होती.

या वाटेवर अप्पासाहेब एकटे नव्हते. काशगरमधले भारताचे शेवटचे वाणिज्यदूत राम साठे पुढे परराष्ट्र सचिव झाले आणि सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या तेव्हा त्या पदावर तेच होते. अलीकडे २०१८ ते २०२० या काळात विजय गोखले परराष्ट्र सचिव होते. चीनचा त्यांचा अभ्यास त्यांच्या पुस्तकांतून आपल्याला वाचायला मिळतो.

आपल्या भागातली मुले-मुली आज लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करतात. यादीत वरचा क्रमांक आला, की बहुतेकांचे डोळे जिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीकडे लागतात. परराष्ट्र सेवेचा विचार थोडेच जण करतात. रात्रभर परक्या देशातल्या माणसांशी बोलून काम करणाऱ्या ऐरोलीच्या तरुणांना त्या देशांच्या सवयी, त्यांचे स्वभाव, त्यांची भाषा ठाऊक आहे. हे भांडवल काही लहान नाही. त्याला इतिहासाच्या वाचनाची आणि आपल्याच गावातल्या माणसांचे ऐकून घेण्याच्या सवयीची जोड हवी.

सल्ला मानला जाईलच, याची हमी कोणालाच नसते. नैरोबीत अप्पासाहेबांचे काम फळाला आले, तिबेटबाबत आले नाही. दोन्हीकडे त्यांनी जे दिसले ते लिहिले. सत्तेवर बसलेल्यांना गोड वाटेल तेवढेच सांगणारे सल्लागार कोणत्याही काळात मुबलक मिळतात. खरे ते सांगणारा एखादा तरी दिल्लीत असावा आणि त्याचे ऐकून घेणारे कोणी वर असावे, यावर आपल्या सीमेवरच्या जवानाचे आणि रात्रपाळीला निघालेल्या आपल्या मुलांचे बरेच काही अवलंबून असते.