अर्ज मराठीत, उत्तर कोणत्या भाषेत?



पीएचडी कशावर करतेस असं कुणी विचारलं की मी सांगते, सीमाप्रश्नावर. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "त्यात आता नवीन काय राहिलंय?" महाजन अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. सगळं पाठ आहे की आपल्याला! आज त्या प्रश्नाचं उत्तर देते.

माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात, बी.ए. बेळगावात आणि राज्यशास्त्रात एम.ए. कोल्हापुरात झालं. एम.ए.ला संघराज्य शिकताना राज्यपुनर्रचनेचा धडा १ नोव्हेंबर १९५६ ला संपायचा. आपल्याकडे खरी गोष्ट त्याच दिवशी सुरू होते. सीमा कुठे असावी यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत इथल्या माणसानं रोज कोणत्या कायद्याच्या आधारावर जगायचं? माझं संशोधन यावर आहे.

राज्यघटनेचं कलम ३५० बघा. तक्रार निवारणासाठी राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा हक्क ते प्रत्येकाला देतं. म्हणजे मराठीत अर्ज देणं ही कुणाची मेहेरबानी नाही. पण उत्तर कोणत्या भाषेत मिळावं, यावर ते कलम गप्प आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. तो चौकशी करतो, राष्ट्रपतींना अहवाल देतो, अहवाल संसदेत मांडला जातो. राज्याला हुकूम देण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. १५ टक्के किंवा अधिक लोकसंख्या असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हेसुद्धा १९५६ पासून मान्य झालेलं आहे. ते कागदावरून गावात का पोचत नाही, हे मला शोधायचंय.

यात कन्नडचा द्वेष नाही. आमची पिढी शाळेत कन्नड शिकलीय. पण ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला जमिनीची नोटीस वाचता येत नाही, त्याची हरकत नोंदवायची मुदत ती दुसऱ्याकडून वाचून घेईपर्यंत निघून जाऊ शकते. भाषेचा प्रश्न तिथे पोटाचा होतो.

म्हणून एक विनंती. पंचायतीत, तहसीलदार कचेरीत मराठीतून अर्ज द्याल तेव्हा शिक्का आणि तारीख असलेली पोच मागून घ्या. घरात ट्रंकेत जुने अर्ज असतील तर रद्दीत घालू नका. उत्तर आलं असेल तर तेही जोडून ठेवा. नसेल आलं, तर किती वर्षं आलं नाही हे त्या पोचेवरूनच सिद्ध होतं. हुतात्म्यांची नावं आपण जपली, तसे हे कागदही जपूया. संशोधनात मला आणि कोर्टात आपल्याला पुरावाच लागणार आहे.

जय महाराष्ट्र!