भिल्ल पलटणींतील पूर्वजाचा शोध

खानदेशांतील एखाद्या भिल्ल कुटुंबांत पूर्वजाविषयीं पुष्कळदां एकच वाक्य शिल्लक राहिलेलें असतें : "आमचा खापरपणजा साहेबाच्या पलटणींत होता." त्याची तसबीर नसते, बिल्ला नसतो, जन्ममृत्यूची तिथिहि नसते. घरांतील एखादा शिकलेला तरुण या वाक्याचा माग काढूं लागला, तर त्यानें कोणत्या वाटेनें जावें, याचा विचार या भाषणांत केला आहे.

प्रथम ती पलटण कशी उभी राहिली, तें पाहूं. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यांत गेला. सातपुडा व सातमाळा या डोंगरांतील भिल्ल नाईक मात्र सहजासहजीं नमले नाहींत. कित्येक वर्षें फौजा डोंगर धुंडाळीत राहिल्या. कांहीं नाईकांना नेमणुका बांधून देण्यांत आल्या. तरी शांतता झाली नाहीं. अखेर १८२५ सालीं गव्हर्नर माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दींत निराळें धोरण ठरलें. भिल्लांना शेतीसाठीं तगाई द्यावी, आणि जे शेतीस राजी नसतील त्यांना शिपाई करावें, असा त्याचा आशय होता. पलटण उभारण्याचें काम जेम्स औट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाकडे आलें. त्यानें भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, त्यांच्यांत राहून विश्वास मिळविला, आणि प्रारंभीं हातीं आलेल्या मोजक्याच माणसांपासून पलटण वाढवीत नेली. धरणगांव हें तिचें मुख्य ठाणें झालें.

आतां शोधाकडे वळूं. पहिली अडचण शब्दांची आहे. घरांत "तो नाईक होता" असें सांगत असतील, तर त्याचे निदान तीन अर्थ संभवतात. नाईक म्हणजे भिल्लांचा वंशपरंपरेचा पुढारी. नाईक म्हणजे घाटाची राखण करून सरकारी तनखा घेणारा रखवालदार. आणि नाईक म्हणजे पलटणींतील शिपायाच्या वरचा एक हुद्दा. "सरकारी शिपाई" या शब्दाचेंहि तसेंच. गांवचा जागल्याहि लोकांच्या तोंडीं सरकारचाच माणूस. जागल्याचा माग गांवच्या वतनाच्या कागदांत लागेल. घाटाच्या नाईकाचा नेमणुकांच्या कागदांत. पलटणींतल्या माणसाचा लष्करी व राजकीय खात्यांच्या दप्तरांत. अर्थ न ठरवितां दप्तर उघडणें म्हणजे वाट ठाऊक नसतां रान तुडविणें होय.

दुसरी अडचण नांवाची. त्या काळीं सामान्य शिपायाचें आडनांव लिहिण्याचा प्रघात क्वचितच होता. इंग्रज कारकुनानें कानावर पडलें तसें नांव उतरून घेतलें, आणि दुसऱ्यानें तेंच निराळ्या अक्षरांनीं लिहिलें. म्हणून नांवाइतकेंच महत्त्व गांवाला व बापाच्या नांवाला द्यावें. १८८० सालीं निघालेलें खानदेश जिल्ह्याचें ग्याझेटियर आधीं वाचावें. त्यांत पलटणीची हकीकत आहे. मग मुंबई व पुणें येथील पुराभिलेखागारें, आणि शेवटीं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसचें दप्तर पाहावें. अधिकाऱ्यांचीं पत्रें तेथें विपुल मिळतील. शिपायांचीं नांवें विरळा. घरांतल्या वृद्धांस आधीं विचारावें, कारण कागद वाट पाहूं शकतो, वृद्ध माणूस नाहीं.

तिसरी अडचण मनाची, आणि ती सर्वांत कठीण. १८५७ सालीं सेंधव्याच्या घाटाचा रखवालदार खाज्या नाईक सरकारावर उलटला. ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांत आंबापाणी येथें त्याच्या लोकांशीं इंग्रजी फौजेची मोठी लढाई झाली. त्या फौजेच्या बाजूनें खानदेशची भिल्ल पलटणहि होती. म्हणजे भिल्लावर भिल्लानें बंदूक रोखली. खापरपणजा त्या दिवशीं तेथें असेल काय, हा प्रश्न वंशजाला टाळतां येत नाहीं.

येथें दोन मोह होतात. एक, त्याला शूर वीर ठरवून मोकळें व्हावें. दुसरा, त्याला फितूर ठरवून त्याचें नांव टाकावें. दोहोंतहि शोध संपतो. तो भरती कधीं झाला, हें आधीं ठरवावें. १८२५ च्या सुमारास पलटणींत जाणें म्हणजे पुष्कळांना माफी आणि भाकरी एकदम मिळणें होतें. न जाण्याचा अर्थ पुन्हा रानांत पाठलाग सोसणें. १८५८ सालीं शिपाई असणाऱ्यापुढें निराळाच पेंच होता. या दोन माणसांना एकच माप लावणें न्यायाचें नव्हे.

कदाचित् सर्व दप्तरें चाळूनहि नांव सांपडणार नाहीं. तरी श्रम वायां गेले असें मानूं नये. त्या माणसापुढें कोणत्या वाटा खुल्या होत्या व कोणत्या बंद होत्या, हें कळलें म्हणजे घरांतल्या त्या एका वाक्याला अर्थ येतो. पूर्वजाला समजून घेणें, हें त्याचा गौरव करण्याहून किंवा त्याला दोष देण्याहून अवघड आहे. आणि वंशजाकडून त्याचें तेवढेंच देणें आहे.