रायफलीची मोकळी नळी आणि हलके हॅण्डगार्ड

(नेमबाजीचे शिक्षक व क्रीडाधिकारी यांच्या शिबिरात केलेले भाषण)



रायफलीच्या नळीभोवती हात धरण्यासाठी जे आवरण असते, ज्यास आपण हॅण्डगार्ड म्हणतो, त्यावर एवढे काय बोलावयाचे, असे आपणांस वाटत असेल. विषय मिळाला तेव्हा मलाही तसेच वाटले होते. परंतु या क्षुल्लक दिसणाऱ्या भागापायी माझ्या हातून एकदा अन्याय घडला आहे. प्रथम तीच हकीकत निवेदन करतो.

मी राष्ट्रीय छात्र सेनेच्या मुलांना चांदमारीवर शिकविणारा नवखा प्रशिक्षक होतो. दिवस श्रावणाचे. हिवाळाभर ज्याच्या गोळ्या एकाच जागी बसत, अशा एका छात्राच्या गोळ्या डावीकडे जाऊ लागल्या. ३०३ ची जुनी रायफल होती. मुलगा घोडा ओढताना हिसका देतो, असा निर्णय मी देऊन टाकला आणि चमूतून त्याचे नाव कमी केले. पुढे आर्मररने त्या रायफलीचे पुढचे लाकूड उतरविले. आतल्या बाजूस उजवीकडे एक चकचकीत पट्टा घासलेला दिसला. पावसाच्या दमटपणाने लाकूड फुगले होते आणि एका अंगाने नळीस रेटा देत होते. तो मुलगा पुन्हा चांदमारीवर आला नाही.

नळीस रेटा बसला म्हणजे नेम का चुकावा? देवघरातील घंटा दांड्याला धरून वाजवा, ती स्वच्छ निनादते. कडेला बोट टेकवा, नाद बदलतो. गोळी सुटताना पोलादाची नळीही अशीच कंप पावते. कंप प्रत्येक वेळी सारखा असेल तर गोळ्या एका जागी पडतात. मात्र नळीला कोणी कधी कमी, कधी अधिक दाबीत असेल, तर नेमबाजाने कितीही श्वास रोखला तरी उपयोग नाही. म्हणून नळी मागच्या टोकाशी, रिसीव्हरमध्ये घट्ट बसवावी आणि पुढे तिला कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये, ही व्यवस्था निघाली. नळी मोकळी सोडणाऱ्या अशा आवरणास मोकळे, म्हणजे फ्री-फ्लोट, हॅण्डगार्ड म्हणतात.

हा प्रश्न सर्वांत अधिक चर्चिला जातो तो अमेरिकेत. माझा भाचा तेथे ओहायो राज्यात स्थायिक आहे. त्याच राज्यात एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी येथे १९०७ साली राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा प्रथम भरल्या आणि तेथील नेमबाजांचे ते जणू पंढरपूरच होऊन बसले. भाच्याचे पत्र आले: "मामा, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकून मारतो तेव्हा गोळ्या एका जागी, पट्टा दंडाला आवळून, पालथे पडून मारतो तेव्हा दुसऱ्याच जागी. नळी बदलू, की बाजारातले सर्वांत हलके हॅण्डगार्ड घेऊ?"

त्याची रायफल एआर-१५ जातीची. यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत १९५० च्या दशकात केलेल्या रचनेवरून ही जात निघाली. तिचे मूळ हॅण्डगार्ड दोन फाळक्यांचे. मागे स्प्रिंगच्या कड्यात अडकविलेले, पुढे माशीच्या बैठकीमागील टोपीत रोवलेले. ती बैठक नळीवरच बसते आणि पट्ट्याची कडीही तिलाच. म्हणजे पट्टा आवळला की ओढ थेट नळीला! नळी बदलून हा दोष जाणार नव्हता.

मी त्यास लिहिले की हॅण्डगार्ड अवश्य बदल. पण केवळ वजनाच्या आकड्याला भुलू नकोस. १५ इंची अ‍ॅल्युमिनियमचे साधारण हॅण्डगार्ड सुमारे ३०० ग्रॅम भरते, अगदी हलके असेल ते २०० ते २३० ग्रॅम. त्यातही गंमत अशी, की काही विक्रेते नळीचे नट आणि स्क्रू वगळून वजन सांगतात. आमच्या बाजारातला भाजीवालाही पारडे दाखवितो, हे मी पत्रात लिहिले नाही, परंतु मनात आले. पोलादी नट जड असते. तेव्हा वजन सर्व भागांसह विचारावे. रायफलीच्या पुढच्या टोकाशी वाचलेले ५० ग्रॅम हाताला मागच्या ५० ग्रॅमांहून पुष्कळ अधिक जाणवतात, हे मात्र खरे.

खरी परीक्षा आहे बैठकीची. मोकळे हॅण्डगार्ड नळीच्या नटावर, एवढ्याच ठिकाणी आधार घेते. ती पकड आखूड असेल, किंवा आवरण गोल फिरू नये म्हणून खाचा नसतील, तर ते हाताखाली डुलते. भिंत फार पातळ केली तर पट्ट्याच्या ओढीने वाकून नळीला टेकते. मग मोकळेपणाचे नाव उरते, गुण जातो. नट ३० ते ८० फूट-पौंड एवढ्या मोजक्या जोराने आवळावे, असे तेथील सैनिकी नियम सांगतात. त्यासाठी मापाचा पाना लागतो; अंदाजाचे काम नव्हे. गॅस ब्लॉक आवरणाच्या आत येत असेल तर त्याच्या भोवतीही मोकळी जागा हवी. उंच माशी असलेल्या रायफलीवर लांब हॅण्डगार्ड सहसा बसत नाही. कार्बन तंतूंचे आवरण तापलेल्या नळीची धग हाताला कमी लागू देते. अ‍ॅल्युमिनियम लवकर तापते.

आवरणाला दिवा अथवा इतर उपकरण जोडावयाचे असल्यास जोडणीची पद्धतही पाहावी. अमेरिकी नौदलाच्या क्रेन येथील केंद्राची यासंबंधीची चाचणी २०१७ साली प्रकाशात आली. उपकरण काढून पुन्हा बसविले असता की-मॉड पद्धतीत रोख सरासरी ४.९ मिनिट कोनाने सरकला, एम-लॉक पद्धतीत १.३ ने. एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर सुमारे एक इंच.

भाच्याने सर्वांत हलके न घेता मधले, लांब पकडीचे घेतले आणि पट्ट्याची कडी त्या आवरणालाच लावली. आता पिशवीवरच्या आणि पट्ट्याच्या गोळ्या एकत्र येतात, असे तो कळवितो.

तशी रायफल आपल्याकडे सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही, आणि परवान्याच्या शस्त्रात स्वतः फेरफार करू नये, हे येथे स्पष्ट सांगतो. परंतु मोकळ्या नळीचे तत्त्व आपल्या क्रीडारायफलींतही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तेथे हलकेपणाची हौस कोणी करीत नाही. स्थिरतेसाठी उलट वजने लावतात. रायफल दिवसभर खांद्यावर वाहावयाची की एका जागी उभे राहून मारावयाची, हे ठरल्यावाचून वजनाची चर्चा व्यर्थ आहे.

बाहेर टेबलावर शिबिराच्या रायफली मांडल्या आहेत. बोल्ट काढून, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करा. मग एक कोरी नोट नळी आणि पुढच्या आवरणाच्या मधून मागेपर्यंत सरकवीत न्या. ज्या रायफलीची नळी मोकळी असावयास हवी तिच्यात नोट अडली, तर तेथे खडूने खूण करा आणि ती रायफल आर्मररकडे द्या. तोवर त्या रायफलीवर कोणाही मुलाचे गुण मांडू नका.