आधी बघ, मग हात लाव

तुमच्या घरातला मुलगा एके दिवशी म्हणाला, "मला तातडीच्या उपचारांचा डॉक्टर व्हायचंय," तर तुम्ही काय म्हणाल? माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील म्हणाले, "त्यापेक्षा त्वचेचा हो, रात्रीची झोप तरी शाबूत राहील!" (तसे ते चुकीचे नव्हे.)

हा मुलगा राष्ट्रीय सेवा योजनेतून वारीला गेला होता. दोन दिवस पायांचे फोड धुण्यात गेले. तिसऱ्या दिवशी एक म्हातारेबुवा दिंडीतच कोसळले. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, हे याला पाठ. हात पुढे झालेच. पण डॉक्टरीणबाईंनी थांबविले. "अरे, श्वास चाललाय. आधी बघ, मग हात लाव." बुवांनी एकादशीच्या उपासातही मधुमेहाची गोळी घेतली होती. शिरेतून ग्लुकोज जाताच डोळे उघडले.

या शाखेला आपल्याकडे स्वतंत्र एम. डी.चे स्थान २००९ साली मिळाले. महाराष्ट्रात '१०८'च्या गाड्या २०१४पासून धावू लागल्या. म्हणजे वाट नवीच. मी त्याला सुचविले, सुटीत ग्रामीण रुग्णालयात एक रात्र नुसता बसून ये. तो गेला.

"काय पाहिलंस?"

"सर, रक्त कमीच. रुग्णाच्या बायकोला मात्र कुणी पाणीसुद्धा विचारत नाही."